सोलर ड्रायरवाल्याला भाषण नको, मोजमाप द्या

नैरोबीत २०१२ साली सुरू झालेलं हवामान नवोन्मेष केंद्र हवामानबदलावर तोडगे काढणाऱ्या छोट्या उद्योगांना पैशासोबत सल्लाही देतं. आपल्याकडे संभाजीनगरात 'मॅजिक' हे नवउद्योगांना मदत करणारं केंद्र आहे. पण बीड-लातूरकडं सोलर ड्रायर, म्हणजे उन्हाच्या उष्णतेवर कांदा-भाजी वाळवणारं यंत्र, बनवणाऱ्याला आधी हवी ती चाचणीची सोय.

कांद्याच्या चकत्या ३-४ मिलिमीटर, आतली हवा ५५ ते ६० अंश आणि दमट हवा बाहेर पडायला मोकळी वाट. ती अरुंद ठेवली की ड्रायरच्या पारदर्शक पॉलिकार्बोनेट छताला आतून घाम सुटतो, थेंब ट्रेवर पडतात नि कांदा तांबूस होतो. चूक एका अरुंद वाटेची, नाव खराब अख्ख्या यंत्राचं! 'मॅजिक'सारख्या केंद्रानं आर्द्रतामापक, मोजमापांची आपोआप नोंद ठेवणारा डेटा लॉगर आणि वजनकाटा भाड्यानं दिला तरी पुष्कळ.

राहिलं खेळतं भांडवल. गिऱ्हाइकाला यंत्र आज द्यायचं, त्यावरचं सरकारी अनुदान मागाहून. तोवर पत्रेवाल्याची उधारी कोण भागवणार?