नाकाकडचा कोपरा

खोट्या पापण्यांच्या पाकिटावर चार चित्रं होती. पट्टी मोजा, गोंद लावा, थोडा वेळ थांबा, चिकटवा. त्या ‘थोडा वेळ’मध्ये माझ्या सहा संध्याकाळी गेल्या. आजही ते पाकीट समोर आलं की मला चीड येते. थोडा म्हणजे किती? दहा सेकंद की दोन मिनिटं? हे लिहायला अर्ध्या ओळीचीही जागा लागली नसती.

एका कार्यक्रमात मला मंचावर बोलायचं होतं आणि खोट्या पापण्या घरीच, स्वतःच्या हातांनी लावायच्या होत्या. आठवडाभर आधी सरावाला बसले. मापाचा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला: पट्टी डोळ्यावर नुसती धरून बघायची आणि जास्तीची बाहेरच्या टोकाकडून कापायची, कारण नाकाकडचे केस मुद्दाम आखूड ठेवलेले असतात. स्वतःच्या पापण्या कर्लरने आधीच वळवून घेतल्या. इथवर काही अडलं नाही.

मग गोंद. पहिल्या संध्याकाळी तो लावला आणि लगेच पट्टी डोळ्यावर टेकवली. ओला गोंद घसरला, माझ्याच केसांत पसरला. बाहेरचं टोक कसंबसं बसलं, पण डाव्या डोळ्याचा नाकाकडचा कोपरा दहा मिनिटांत उचलला गेला. दुसऱ्या दिवशी धीर धरला, तर तो इतका सुकला की पट्टी चिकटेचना. तिसऱ्या दिवशी मी सर्वांत मोठी चूक केली: उचललेल्या कोपऱ्याखाली आणखी गोंद भरला. जाड थर आतून ओलाच राहतो आणि वरून कडक होतो. कोपरा पुन्हा सुटला, वर डोळ्याला टोचायला लागला. चौथ्या दिवशीही तेच. उजवा डोळा नीट, डावा नाही. आरशासमोर बसून मला रडू आलं, आणि पाण्याने तो कोपरा आणखीच सुटला.

शेवटी मावसबहिणीला फोन केला. ताई नाटकांत काम करते, स्वतःचा मेकअप स्वतः करते. तिने पहिलाच प्रश्न विचारला, “गोंदाकडे बघतेस का घड्याळाकडे?” मी म्हटलं, घड्याळाकडे. “मग चुकणारच. पांढरा गोंद दुधासारखा दिसतो तोवर हात लावायचा नाही. कडेने पारदर्शक व्हायला लागला की बोटाच्या टोकाने हलकेच शिवून बघ. बोटाला ओढ लागली पाहिजे, पण गोंद बोटावर यायला नको.” माझ्या गोंदाला त्यासाठी साधारण ४० सेकंद लागतात. पंखा चालू असला तर त्याहून कमी, म्हणून पंखा बंदच ठेवते. आणि एका वेळी एकाच पट्टीला गोंद लावते. दोन्हींना एकदम लावला तर पहिला डोळा होईपर्यंत दुसरी पट्टी सुकून जाते. डावा डोळा मी दुसरा करत होते, हे तेव्हा लक्षात आलं!

कोपराच का सुटतो, हेही ताईनेच समजावलं. डोळ्याचं पाणी वाहून नेणारी छिद्रं नाकाकडच्या कोपऱ्यातच असतात, त्यामुळे ती जागा कायम ओलसर असते. पट्टी डब्यातून निघते तेव्हा ताठ असते आणि पुन्हा सरळ व्हायला बघते. त्यात टोकाला गोंद पातळ लागतो, म्हणून तो सगळ्यांत आधी सुकतो. उपाय तीन: पट्टी ब्रशच्या दांड्याभोवती दोन-तीन मिनिटं गुंडाळून मऊ करायची, दोन्ही टोकांना गोंदाचा एकेक बारीक ठिपका जास्तीचा द्यायचा आणि पट्टी अगदी कोपऱ्यापासून सुरू न करता दोन-तीन मिलिमीटर जागा सोडायची. पाचव्या दिवशी हे सगळं केलं. कोपरा तासभर टिकला. सहाव्या दिवशी रात्रीपर्यंत.

आरसा समोर नको, टेबलावर आडवा ठेवा आणि खाली बघा. पापणी ताणली जाते आणि केसांची मुळं दिसतात. आधी मधला भाग टेकवायचा, मग बाहेरचा, शेवटी नाकाकडचा, आणि तो चिमट्याने पंधरा सेकंद धरून ठेवायचा. सरावासाठी काळा गोंद घेऊ नका, चुकला की सगळं दिसतं.

खरं तर हे आधी सांगायला हवं होतं: पट्टीच्या बऱ्याच गोंदांत लॅटेक्स, म्हणजे रबराचा चीक, असतं आणि काहींना ते सोसत नाही. माझ्या पहिल्या गोंदाने कानामागे खाज सुटली, म्हणून लॅटेक्स नसलेला आणला. नवा गोंद कानामागे लावून एक दिवस थांबाच. आणि पार्लरमध्ये एक्स्टेन्शनसाठी, म्हणजे पापणीला एकेक जादा केस जोडायला, वापरतात तो सायनोअ‍ॅक्रिलेटचा पक्का गोंद घरच्या पट्टीला कधीच लावू नका.

काढण्याचं चित्र तर पाकिटावर नव्हतंच. कॅनडाच्या अ‍ॅना टेलर यांनी कृत्रिम पापण्यांचं पेटंट घेतलं ते १९११ साली. एवढ्या वर्षांत कुणालाही पाचवं चित्र छापावंसं वाटू नये, याचा मला खरोखर राग आहे. पहिल्या रात्री मी पट्टी सरळ ओढली आणि तिच्यासोबत माझे तीन केस आले. पापणीचा गेलेला केस परत यायला महिने लागतात. आता आधी लेन्स काढते, मग तेलयुक्त रिमूव्हर कापसाच्या काडीने पट्टीच्या कडेवर फिरवते आणि डोळा मिटून अर्धा मिनिट थांबते. मग बाहेरच्या टोकाकडून हळू सोडवते. जिथे अडेल तिथे ओढायचं नाही, पुन्हा रिमूव्हर लावायचा. पट्टीवरचा जुना गोंद चिमट्याने काढून ती डब्यातल्या वळणावरच परत ठेवते. कितीही थकवा असला तरी लावून झोपू नका, आणि आपली पट्टी दुसऱ्या कुणाला देऊ नका.

कार्यक्रम पाच तास चालला. डाव्या कोपऱ्याला मी एकदाही हात लावला नाही. रात्री पट्टी सोडवली आणि दिव्याखाली धरून बघितली. तिच्यावर माझा एकही केस नव्हता.