नंदी फोटो काढतो तेव्हा

आपल्याकडच्या कुठल्याही कार्यक्रमाचा अल्बम उघडून पाहा. स्टेजवरच्यांचे फोटो छान येतात, उभ्या माणसांचे बरे येतात. खुर्चीत बसलेल्या आजी मात्र वरून दिसतात, कपाळ मोठं आणि हनुवटी बारीक. पाच वर्षांच्या पोराच्या तर डोक्यावरचा भोवराच दिसतो. यात फोटोग्राफरचा दोष नाही. तो साडेपाच फुटांवरून बघतो, त्याला शे-दोनशे माणसं उरकायची असतात, आणि दर आजीसमोर गुडघे टेकून बसणं कोणाच्याही कमरेला झेपणारं नाही.

म्हणून मी बनवलेल्या रोबोटचा कॅमेरा जमिनीपासून १०५ सेंटिमीटरवर बसवला आहे. प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे साधारण ११० ते ११५ सेंटिमीटरवर येतात, पाच वर्षांच्या उभ्या मुलाचे शंभरच्या आसपास. कार्यक्रमभर सावकाश फिरायचं, बसलेल्यांचे आणि छोट्यांचे फोटो त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून काढायचे, एवढंच त्याचं काम.

त्याचं नाव नंदी, कारण पहिलं काम तान्ह्या पोळ्याचं. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरांचा पोळा भरतो. चाकं लावलेले लाकडी बैल सजवून, दोरी धरून पोरं ते ओढत आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात. बैलाच्या सजावटीला बक्षीस, पोराच्या वेशभूषेला बक्षीस, एखादा धीट पोरगा झडती, म्हणजे पोळ्याचं यमकातलं गाणंही म्हणून दाखवतो. मग घरोघर जाऊन बोजारा, म्हणजे पोळ्याचे पैसे गोळा करायचे. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघूजीराजांनी ही प्रथा सुरू केली असं मानतात. नागपुरात इतवारी-महालकडे त्या दिवसांत हातभर उंचीपासून माणसाएवढ्या नंदीपर्यंत सगळे विकायला मांडलेले असतात. चाकांवरच्या बैलांच्या या गर्दीत आणखी एक चाकांवरचा प्राणी खपून जाईल, असा माझा हिशोब होता, आणि तो बरोबर निघाला. पोट्ट्यांनी त्याला रांगेतच घेतलं.

आता तो आतून कसा आहे ते. खाली १२ मिलिमीटर प्लायवूडचा गोल पाट. त्यावर यूपीएसमधली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी. लिथियम हलकी पडली असती, पण मला खाली वजन हवंच होतं. वर काठीवर कॅमेरा आणि आजूबाजूला धावणारी पोरं, मग बूड जड नको का? दोन बाजूंना गाडीच्या वायपरच्या मोटारी, पुढेमागे ट्रॉलीची फिरती चाकं. वायपरच्या मोटारीत वर्म गिअर असतो, त्यामुळे करंट बंद झाला की चाक आहे तिथेच अडकतं. मंगल कार्यालयाच्या उतारावरही नंदी घरंगळत नाही. मोठी चाकं १५ सेंटिमीटरची आहेत, कारण मांडवात डेकोरेशनवाल्याच्या वायरी आणि कार्पेटच्या सुरकुत्या ओलांडाव्या लागतात. वेग माणसाच्या चालीच्या पावपट. वरच्या चौकोनी ॲल्युमिनियमच्या पाइपवर दोन कॅमेरे आहेत. रास्पबेरी पाय या छोटेखानी संगणकाचा छोटा कॅमेरा चेहरे शोधतो, आणि घरात पडून असलेला जुना डीएसएलआर फोटो काढतो. हॉलमधल्या उजेडात छोट्या सेन्सरचे फोटो दाणेदार येतात, आणि फ्लॅश मला नकोच होता. जीफोटो-२ नावाचं फुकट सॉफ्टवेअर यूएसबीवरून डीएसएलआरचं बटण दाबतं.

मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालो, अजनीला राहतो. आमच्या खात्यात सगळ्यात आधी डोक्यात बसतं ते हे, की काहीही बिघडलं तरी सिग्नल लालच झाला पाहिजे. ट्रॅक सर्किटचंच बघा. रुळांतून बारीकसा करंट सोडलेला असतो, त्यावर रिले, म्हणजे विजेने ओढला जाणारा स्विच, उचललेला राहतो. गाडी आली की चाकं आणि त्यांचा धुरा दोन्ही रूळ एकमेकांना जोडतात, करंट रिलेपर्यंत पोचत नाही, रिले पडतो, सिग्नल लाल. यातली खुबी अशी, की गाडी नसतानाही रूळ तुटला, वायर निघाली किंवा बॅटरी उतरली, तर रिले तसाच पडतो आणि सिग्नल तसाच लाल होतो. विल्यम रॉबिन्सन या अमेरिकन माणसाने १८७२ साली याचं पेटंट घेतलं. दीडशे वर्षांनंतरही यापेक्षा सुंदर सर्किट मला माहीत नाही.

नंदीत तेच आहे. मोटारींचा करंट एका रिलेतून जातो, आणि तो रिले उचलून धरण्याचं काम आर्डुइनो नॅनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाकडे आहे. रास्पबेरी पाय दर सेकंदाला दहा वेळा नॅनोला आपण जागे असल्याचं कळवतो. अर्धा सेकंद काही आलं नाही की नॅनो रिले सोडून देतो आणि नंदी उभा. रास्पबेरी पाय हँग झाला, उन्हाळ्यात तापून बंद पडला, वायर हलली, काहीही होवो, शेवट थांबण्यातच. भोवतीच्या फोमच्या बंपरमागचे मायक्रोस्विच आणि मागचं लाल बटण रिलेच्या कॉइलशी सीरिजमध्ये आहेत. तिथे सॉफ्टवेअरचा काही संबंध येऊ दिलेला नाही. इंटरनेटवर दिसणाऱ्या बऱ्याच हौशी रोबोटांत थांबण्याची आज्ञाही प्रोग्राममधूनच जाते, ते मला पटत नाही. घरी टेबलावर चालून जाईल. जिथे रांगती मुलं आहेत तिथे नाही.

चेहरे शोधणं आता अवघड राहिलेलं नाही. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी जी पद्धत दिली ती उजळ-गडद पट्ट्यांची तुलना करायची. डोळ्यांचा पट्टा गालांपेक्षा गडद असतो, अशा शेकडो साध्या खुणा. मी वापरतो ते यूनेट, ओपनसीव्ही या चित्रं तपासणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरबरोबर चालणारं एक छोटं न्यूरल नेटवर्क. ते चेहऱ्याची चौकट देतं, शिवाय दोन डोळे, नाकाचा शेंडा आणि ओठांची दोन टोकं असे पाच बिंदू देतं. हे पाच बिंदू पुढे फार कामी आले.

अडचण आली ती फ्लेक्सची. आपल्या कार्यक्रमात माणसांपेक्षा बॅनरवरचे चेहरे जास्त, आणि तेही हसरे, समोर बघणारे, भरपूर उजेडातले. नंदी आनंदाने त्यांच्याकडे वळायचा. त्यावर उपाय गणिताचा निघाला. माणसाचा चेहरा रुंदीला साधारण १५ सेंटिमीटर असतो. चित्रात तो किती पिक्सेलचा दिसतो यावरून माणूस किती लांब असायला हवा ते काढता येतं. खाली फिरणारा लिडार, म्हणजे लेझरने अंतर मोजणारं यंत्र, त्या दिशेला खरं अंतर किती ते सांगतो. बॅनरवरचा दोन फुटी चेहरा हिशोबाने एक मीटरवर यायला हवा, आणि लिडार म्हणतो चार मीटर. मेळ बसला नाही की तो चेहरा सोडून द्यायचा. पासपोर्ट फोटोएवढे चेहरेही यातूनच गळतात.

असा रोबोट बनवण्याची कल्पना मात्र माझी नाही. अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी लुईस नावाचा फोटोग्राफर रोबोट बनवला होता. २००२ मध्ये सॅन अँटोनियोच्या सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत तो गर्दीतून फिरत फोटो काढत होता. तो कातडीच्या रंगाचे ठिपके शोधायचा आणि लेझरच्या अंतराशी ताडून पाहायचा. त्या काळी हाताशी होतं त्यात ते केवढं मोठं काम! आपल्याकडे रंगावर विसंबून भागणार नाही, हळदीच्या कार्यक्रमात तर मुळीच नाही. पण रंग आणि अंतर एकमेकांशी ताडून बघण्याची त्यांची रीत मी घेतली, फक्त रंगाच्या जागी चेहऱ्याचं माप ठेवलं.

हे सगळं जमल्यावरही फोटो मनासारखे येत नव्हते. फोकस नीट, उजेड नीट, चौकट नीट, आणि प्रत्येक चेहऱ्यावर तोच प्रश्न. आमच्या कॉलनीतल्या एका पोट्ट्याने तो मोठ्याने विचारला, "काका, हा काय करून राहिला?" खरंच, त्याला कळणार कसं? फोटोग्राफर कॅमेरा डोळ्याला लावतो, हात वर करतो, "इकडे बघा" म्हणतो. त्याच्या खांद्यावरूनच माणसाला कळतं की आता काढणार. नंदी नुसता येऊन उभा राहायचा. केव्हा काढणार, काढला की नाही, पुढे सरकणार का, काही कळायला मार्ग नाही. जी वस्तू आपल्यात फिरते आणि पुढे काय करणार ते सांगत नाही, तिच्याकडे माणूस सावधपणेच बघणार.

हे कळायला सिग्नलवाल्या माणसाला वेळ लागायला नको. ड्रायव्हरला पुढचं दिसावं म्हणूनच तर आम्ही खांब रोवत होतो.

मग कॅमेऱ्याखाली दिवे लावले. ज्या बाजूला वळणार त्या बाजूची पांढरी पट्टी आधी पेटते, चाकं नंतर हलतात. फोटोसाठी थांबला की मधला मोठा पिवळा दिवा लुकलुकतो, तीन सेकंद, शेवटी शेवटी भरभर, आणि मग क्लिक. लाल दिवा मी मुद्दाम ठेवला नाही, तो समोरच्याला थांबवतो. आणि नंदीसमोर कोणी थांबायचं कारण नाही, थांबायचं त्याने.

फोटो एका संध्याकाळीत बदलले. कॅमेरा तोच, भिंग तेच. पण ते तीन सेकंद आता समोरच्या माणसाचे झाले होते. कोणी पदर सारखा करतं, कोणी पोराला मांडीवर घेतं, कोणी "अबे ये ना लवकर" करून मित्राला ओढतं. तान्ह्या पोळ्याला एका छोट्या मुलीने त्या तीन सेकंदांत आपल्या बैलाचं तोंड हाताने कॅमेऱ्याकडे वळवलं आणि मग स्वतः बघितलं. बैलाच्या शिंगांना चिकटवलेली बेगड, तिच्या कपाळावरचं घामाने पसरलेलं कुंकू, दोरी मनगटाला गुंडाळलेली, आणि दोघांचे डोळे एका पातळीवर. हा फोटो उभ्या माणसाला मिळाला नसता.

तीन सेकंदांचा दुसरा उपयोग नाही म्हणण्यासाठी. तेवढ्यात मान वळवली, हात किंवा पदर आडवा धरला, तर पाच बिंदू जुळत नाहीत, नाक दोन डोळ्यांच्या मधोमध येत नाही, आणि फोटो रद्द. दिवा विझतो, नंदी वळून दुसरीकडे जातो. काही साठवलं जात नाही. यासाठी वेगळं बटण, वेगळा इशारा कोणाला शिकवावा लागत नाही, कारण नको असेल तेव्हा माणूस आपोआप हेच करतो. नात्यातल्या एका लग्नात दोन आजी शेजारी शेजारी बसल्या होत्या. एकीने पदर तोंडावर घेतला, दिवा विझला. "पाहा बाई, ऐकते हा!" असं म्हणून तिने शेजारणीलाही तसं करायला लावलं. नंदी वळायला लागला की पदर खाली, दिवा लागला की पदर वर. बराच वेळ त्यांचं हे चाललं होतं. शेवटी जो फोटो निघाला त्यात एकीचा पदर अर्धा घसरलेला आहे आणि दोघी खळखळून हसताहेत. त्या घरी तो आता भिंतीवर आहे.

त्याच लग्नात कळलं की आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अडथळा ओळखणाऱ्या अल्ट्रासॉनिक सेन्सरला मांडवाचे पडदे दिसत नाहीत. ४० किलोहर्ट्झचा आवाज मऊ कापडात मुरतो, परत येतच नाही. भारी साड्यांच्या घोळाचंही तेच. लिडारला कापड दिसतं, पण तो जमिनीपासून २५ सेंटिमीटरवरच्या एकाच पातळीत बघतो, वर आलेली टेबलाची कड त्याला कळत नाही. टेबलं सेन्सरने पकडायची, पडदे लिडारने, आणि दोन्हींतून निसटेल ते बंपरने. खर्च वाढतो, पण यात काटकसर करू नये.

फोटो मी कुठेही टाकत नाही. लहान मुलांचे तर नाहीच. कार्यक्रमाच्या घरच्यांना पेन ड्राइव्ह देतो. तान्ह्या पोळ्याचे मात्र स्टुडिओतून छापून आणतो आणि पोरं बोजारा मागायला दारात आली की पैशांबरोबर ज्याचा त्याला देतो. आधी फोटो बघतात, मग पैसे मोजतात.

यंदा नातीचा हट्ट आहे की नंदीला झूल हवी. झूल घातली की लिडार झाकला जातो आणि तो जागचा हलत नाही. म्हणून झूल दोन तुकड्यांत शिवायला दिली आहे, २५ सेंटिमीटरच्या पातळीवर चार बोटांची फट ठेवून. शिंप्याने दोनदा विचारलं, फट कशाला. त्याला सांगितलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कॉलनीत ये, समोर उभा राहून बघ. घुंगरमाळ गळ्यात बांधायची की काठीला, यावर आमचं अजून ठरलेलं नाही. मला वाटतं गळ्यात, म्हणजे मागून येतानाही लोकांना आधी कळेल.