माग थांबले की सुरू होणारा आवाज

नोव्हेंबर महिना होता, रात्रीचे पावणेअकरा झाले असतील. एमआयडीसीतल्या आमच्या शेडची लाइट गेली आणि चोवीस टॉवेल माग एका दमात थांबले. सोलापुरात लाइट जाणं नवीन नाही. कामगार बाहेर ओट्यावर जाऊन बसले, कुणी तंबाखू मळायला घेतली. मी सहा नंबरच्या मागाखाली पाना धरून होतो. माग थांबले की कानाला कसं मोकळं वाटतं, हे शेडमध्ये राबलेल्या माणसालाच कळेल. त्या रात्री मोकळं वाटलं नाही. एक बारीक, लांबट शिट्टी चालूच राहिली.

मला वाटलं, कुठली तरी मोटर बंद व्हायची राहिली. अंधारात चाचपडत बोर्डापर्यंत गेलो. दारात आमचे अन्ना उभे होते, त्यांना म्हटलं, "अन्ना, कुठली मोटर चालू आहे बघा की."

ते म्हणाले, "लाइटच नाही, मोटर कशी चालेल?"

मी जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा; बावीस वर्षं हेच काम करतोय. मागाचा बिघाड जॉबरच्या डोळ्याआधी कानाला कळतो. धोटा फेकणारा पिकिंगचा पट्टा सैल पडला की धोट्याचा ठोका बदलतो, आणि दहा माग पलीकडे असलो तरी माझी मान तिकडे वळते. ज्या कानावर पोट भरलं तोच कान नसलेला आवाज ऐकवतोय, हे मला फार लागलं. घरी गेलो तरी शिट्टी होतीच. नीलम नगरात रात्री बारानंतर सगळं शांत होतं, आणि जितकं शांत होत गेलं तितकी ती वाढत गेली. पहाटे चारला मी गच्चीवर बसलेलो होतो.

आठवडाभरात सगळ्यांना कळलं की माझे कान वाजतात, ज्याला कर्णनाद म्हणतात, आणि उपाय सुरू झाले. पहिला लसणाच्या तेलाचा. शेजारच्या मामींनी सांगितलं, आमच्या हिने तिळाच्या तेलात चार पाकळ्या लाल होईपर्यंत कढवल्या, आणि कोमट तेलाचे थेंब रोज रात्री दोन्ही कानांत. मामींची माया खोटी नव्हती. दोन-तीन दिवस उबेनं बरंही वाटलं. दहाव्या दिवशी उजव्या कानात अशी खाज सुटली की काडी घालावीशी वाटायची, मग दडा बसला, मग ठणका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून पाहिलं आणि मलाही पडद्यावर दाखवलं. ओल्या कापसासारखी पांढरी बुरशी, तिच्यावर काळे ठिपके. तेलाचा ओलावा, शेडमधला कापसाचा तूस आणि घाम, बुरशीला एवढं पुरतं. त्यांनी मशिननं कान साफ केला, थेंब दिले आणि एक वाक्य बोलले ते सगळ्यांना सांगावंसं वाटतं: पडद्याला भोक असतं तर हेच तेल मधल्या कानापर्यंत गेलं असतं. बाहेरून आपल्याला भोक दिसत नाही.

त्याच वेळी त्यांनी कागदावर ऐकण्याची तपासणी लिहून दिली होती. मी ती केली नाही. ठणका थांबला, चिठ्ठी खिशातच राहिली, शिट्टी मात्र होती तशीच. त्या आळसानं माझे चार महिने गेले.

ते चार महिने गोळ्यांचे. मोबाईलवर एकदा शोधलं आणि मग रोज जाहिराती यायला लागल्या. मी जिन्को नावाच्या झाडाच्या पानांच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या, झिंक घेतलं, मॅग्नेशियम घेतलं, आणि 'कानाच्या नसांसाठी' म्हणून एक डबा आला त्यात हे सगळं पुन्हा एकत्र होतं. म्हणजे झिंक दोन ठिकाणांहून पोटात जात होतं. मळमळायला लागलं तेव्हा कुठे मी डब्यांवरचे आकडे जुळवले: बेरीज ७५ मिलिग्रॅम. मोठ्या माणसानं दिवसाला ४० च्या वर जाऊ नये असं मानतात, आणि जास्त झिंक महिनोन्महिने घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं. नऊ हजारांच्या वर पैसे गेले. शिट्टीत कणभर फरक पडला नाही. जिन्कोची आणखी एक गोष्ट. माझे मेहुणे रक्त पातळ ठेवायची गोळी घेतात, त्यांनाही कान वाजायचा त्रास आहे. उरलेली बाटली मी त्यांना देणार होतो. डॉक्टरांना सहज विचारलं म्हणून बरं झालं, कारण त्या गोळीबरोबर जिन्को घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पथ्यांचं काय सांगू. मीठ कमी, चहा बंद, शेंगाचटणी बंद, वांगं बंद. सोलापूरच्या माणसाला शेंगाचटणी बंद म्हणजे ताटातून अर्धं जेवण उठवलं. चहा सोडला तेव्हा तीन दिवस डोकं असं दुखलं की मी शेडमध्ये कपाळाला फडकं बांधून फिरत होतो. पुढे कळलं की चहा-कॉफी सोडून कानातला आवाज कमी होतो का, हे ब्रिटनमध्ये तपासून झालंय. २०१० साली त्याचा निष्कर्ष आला: आवाज कमी होत नाही, सोडण्याचा त्रास मात्र होतो. मीठ कमी करण्याला अर्थ आहे तो मेनिएरच्या आजारात, म्हणजे चक्कर, कानात दडा आणि आवाज एकत्र येतात तिथे, किंवा रक्तदाब असेल तर. मला चक्कर नव्हती. मी आता दिवसाला दोन चहा घेतो, संध्याकाळी पाचनंतर घेत नाही, तेही झोपेसाठी.

जानेवारीत गड्ड्याची यात्रा आली. आमच्या घरी सिद्धरामेश्वरांची मोठी भक्ती आहे, नंदीध्वजांची मिरवणूक मी लहानपणापासून चुकवलेली नाही. त्या वर्षीही गेलो आणि होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघत उभा राहिलो. घरी आलो तर दोन्ही कानांत शिट्टीची किंकाळी झालेली. तीन दिवस ती उतरली नाही. त्या तीन दिवसांत माझ्या मनात जे विचार आले ते मी आमच्या हिलाही बरेच दिवस सांगितले नव्हते. ज्याला असा त्रास होतोय त्यानं ते गिळून बसू नये, घरात कुणाला तरी सांगावं, म्हणून हे लिहितोय.

फेब्रुवारीत पुन्हा डॉक्टरांकडे गेलो आणि या वेळी सांगितलं ते एकेक करायला लागलो. रक्ततपासणीत थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन जरा कमी, आणि बी-१२ फक्त १४८. दोनशेच्या खाली म्हणजे कमीच. आम्ही घरात अंडंसुद्धा आणत नाही, आणि बी-१२ दूध-दही सोडलं तर शाकाहारात मिळत नाही. इंजेक्शनं घेतली, मग गोळ्या. दोन महिन्यांत तळपायाच्या मुंग्या गेल्या, दुपारी गळून जायचं ते थांबलं. शिट्टी तशीच राहिली. तरी पोटात गेलेल्या सगळ्या गोष्टींपैकी हीच एक मला खरोखर हवी होती, आणि ती तपासणीत सापडली होती, जाहिरातीत नाही. आधी रक्त तपासा, कमी असेल ते भरून काढा. कमी नसताना भरत बसू नका. अमेरिकेतल्या कान-नाक-घशाच्या तज्ज्ञांच्या संस्थेनंही २०१४ च्या मार्गदर्शनात जिन्को, झिंक, मेलाटोनिन आणि इतर पूरक गोळ्या कर्णनादासाठी सुचवू नका असंच म्हटलंय.

वैद्यांकडेही गेलो होतो, आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे. त्यांनी सांगितलं की सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग दिलेत, त्यात कर्णशूलाच्या, म्हणजे कानदुखीच्या, पाठोपाठ कर्णनादच येतो. पण बुरशीची हकीकत ऐकून त्यांनी कानात तेलाचा एक थेंबही घालायला नकार दिला. रात्रीचं जेवण आठच्या आत, जागरण बंद आणि सकाळ-संध्याकाळ भ्रामरी, एवढंच सांगितलं. भ्रामरीनं शिट्टी जात नाही. पण स्वतःच्याच गुणगुणण्यात ती दहा मिनिटं मिसळून जाते आणि छातीवरचा दगड थोडा हलतो. मी अजून करतो.

मार्च लागला, ऊन चढलं. माळ्यावरचा कूलर काढला, वाळ्याचे पडदे बदलले, पाणी भरलं. त्या रात्री दहाला आडवा झालो आणि डोळे उघडले तेव्हा पावणेसहा झाले होते. चार महिन्यांत पहिल्यांदा! उठून कूलर बंद केला, शिट्टी जागेवर होती. पुन्हा लावला, ती मागे सरकली. मी सात-आठ वेळा बटण दाबून पाहिलं असेल, हिला वाटलं कूलर बिघडला.

एप्रिलमध्ये अखेर ती ऐकण्याची तपासणी झाली. ऑडिओलॉजिस्ट ताई वयानं माझ्या मुलीएवढ्या. काचेच्या बंद खोलीत बसवलं, हेडफोन लावला, हातात बटण दिलं. इतकी शांतता मी कधी अनुभवली नव्हती आणि त्या शांततेत माझी शिट्टी गिरणीच्या भोंग्यासारखी वाटत होती. नंतर त्यांनी आलेख दाखवला. रेघ सरळ येते, ४००० हर्ट्झला विहिरीत पडल्यासारखी खाली जाते आणि ८००० ला थोडी वर येते. त्यांनी विचारलं, "काका, मागावर काम करता का?" मी काही सांगायच्या आधी!

मग त्यांनी शिट्टी जुळवायला घेतली. एक एक सूर लावायचा आणि मी सांगायचं, हा बारीक, हा जाड. ६००० हर्ट्झच्या आसपास तो सापडला. अंगावर काटा आला. कारण माझ्याशिवाय दुसऱ्या कुणी तो आवाज पहिल्यांदा ऐकला होता. मग मोठेपणा जुळवला. त्या म्हणाल्या, "तुम्हाला जे कमीत कमी ऐकू येतं, त्याच्या फक्त सहा डेसिबल वर आहे हा आवाज." मला पटेना. रात्रीची झोप उडवणारा आवाज एवढासा? त्यांनी समजावलं की आतल्या कानात १५-१६ हजार केसपेशी असतात, गोंगाटानं मेलेल्या परत उगवत नाहीत. त्या जागेवरून मेंदूला खबर येईनाशी होते, मग मेंदू आपलाच आवाज वाढवून शोधत राहतो. आणि आपण त्याला घाबरलो की तो आणखी लक्ष देतो. कूलरचं सांगितलं तर त्या हसल्या, म्हणाल्या, लोक यालाच ध्वनी उपचार म्हणतात. फक्त आवाज शिट्टीला बुडवेल एवढा मोठा नको, तिच्या जरा खाली ठेवायचा, म्हणजे मेंदूला तिची सवय होते. थंडीत मी उभा पंखा भिंतीकडे तोंड करून लावतो. वारा लागत नाही, घरघर मिळते.

जूनमध्ये दोन्ही कानांना ऐकण्याची यंत्रं घेतली. पैसे जमवायला वेळ लागला. पहिल्या दिवशी घरी आलो तेव्हा स्वयंपाकघरातून थप थप थप असा आवाज येत होता. ही भाकरी थापत होती. तो आवाज माझ्या घरात इतकी वर्षं होता आणि मला कधी येईनासा झाला तेही कळलं नव्हतं. बाहेरचे आवाज परत आले तशी दिवसाची शिट्टी बरीच विरली.

रात्रीसाठी ताईंच्या सांगण्यावरून समुपदेशकाकडे सहा वेळा गेलो. वेड्याचा डॉक्टर म्हणून आमच्याकडे लोक बिचकतात, मीही बिचकलो होतो. तिथे वहीत लिहायला लावलं. मी लिहिलं: 'आता जन्मभर झोप नाही.' खाली लिहायचं, हे खरं आहे का? मी मागच्या आठवड्याचे तास मांडले: पाच, सहा, साडेचार, सात. झोप होत होती, मोडकी होती. असं एक एक वाक्य उलगडत गेलो. आवाज तेवढाच आहे, भीती ओसरली.

एक मात्र वेगळं सांगायला हवं. आमच्या शेडमधल्या एका कामगाराचा डावा कान एका सकाळी अचानक बंद पडला. माझं पाहून त्यालाही वाटलं, कान वाजतोय तर वाजू दे. वीस दिवस त्यानं तेलपाणी केलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही दिवसांत स्टेरॉइड सुरू व्हायला हवं होतं. अचानक बहिरेपण, एकाच कानात आवाज, नाडीबरोबर धडधडणारा आवाज, सोबत चक्कर, यातलं काही असेल तर माझा अनुभव बाजूला ठेवा आणि लगेच दवाखाना गाठा.

शेडमध्ये मोबाईलवर मोजलं तर ९७ डेसिबल येतात. ८५ ला आठ तास चालतात, पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मी, म्हणजे ९७ ला अर्धा तास. आम्ही बारा तास उभे असतो. मालकांशी बोललो, त्यांनी कानात घालायचे बोळे आणि जॉबरसाठी कानावरचे मफ आणून दिले. ठोका ऐकू येणार नाही अशी मला धास्ती होती, पण मफमधूनही सैल पट्टा कळतो. अन्नांनी दोन दिवस घातले आणि काढून ठेवले, घाम येतो म्हणतात. नवीन दोन पोरं रोज घालतात. तेलाच्या बुधलीशेजारी बोळ्यांचा डबा मीच भरून ठेवतो, काल संपत आला होता.