डबल बेससाठी छोटं हेड: आधी इनपुट बघा, वॅट मागाहून

अ‍ॅम्प हेड (स्पीकरशिवायचा नुसता अ‍ॅम्प) घ्यायला दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅट?" इलेक्ट्रिक बेसवाल्याला तो चालून जातो. डबल बेस वाजवणाऱ्याने आधी विचारावं ते "इनपुट किती मेगओहम?", म्हणजे अ‍ॅम्पच्या इनपुटचा विजेला अडथळा (इम्पीडन्स) किती. काउंटरवरच्या माणसाला बहुधा सांगता येणार नाही. मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांतल्या तांत्रिक तपशिलात तो आकडा सापडतो. आपल्या वाद्याला ते हेड चालणार की नाही, हे निम्मं तिथंच कळतं.

डबल बेसवर बहुतेक जण पिझो पिकअप (कंपनाची वीज करणारा तुकडा) लावतात, घोडीच्या पंखात खोचलेला किंवा घोडीच्याच पायाखाली दाबलेला. पिझो म्हणजे विजेच्या भाषेत एक छोटा कपॅसिटर. तो आणि अ‍ॅम्पचा इनपुट मिळून आपोआप एक गाळणी तयार होते आणि ती खालचे स्वर कापते. हिशेब करून बघा. पिकअप 1000 पिकोफॅरडचा आणि इनपुट 1 मेगओहमचा असेल, तर कापायला सुरुवात होते सुमारे 159 हर्ट्झला. आपल्या चार मोकळ्या तारा आहेत 41, 55, 73 आणि 98 हर्ट्झच्या, म्हणजे चारही त्या रेषेच्या खाली. मोकळ्या ई तारेचा मूळ स्वर अशा वेळी साधारण 12 डेसिबलने पडतो, जी तारेचा साडेपाचने. तोच पिकअप 10 मेगओहममध्ये घाला: रेषा 16 हर्ट्झवर उतरते आणि ई तारेचं नुकसान अर्ध्या-पाऊण डेसिबलवर येतं.

"पिझो पातळ वाजतो, टकटक वाजतो, बदकासारखा वाजतो" या तक्रारीमागे अनेकदा एवढंच असतं. मग लोक बेसची नॉब उजवीकडे पूर्ण फिरवतात, आणि त्याने गेलेला स्वर परत येण्याऐवजी गुरगुर तेवढी वाढते. गिटारसाठी बनवलेल्या काही पेडलांचा आणि मिक्सरच्या लाइन इनपुटचा इम्पीडन्स तर 1 मेगओहमच्याही खूप खाली असतो. लाइन इनपुट साधारण 10 ते 20 किलोओहमचा. तिथे पिझो थेट लावला तर उरतो तो फक्त बोटांचा खडखडाट.

केबलबद्दल एक गैरसमज आहे. लांब केबलने पिझोचा आवाज बोथट होतो असं सांगितलं जातं; ते मॅग्नेटिक पिकअपचं दुखणं आहे. पिझोच्या बाबतीत केबलची कपॅसिटन्स (मीटरला सुमारे 100 पिकोफॅरड) फक्त आवाजाची पातळी खाली आणते. 6 मीटर केबल आणि 1000 पिकोफॅरडचा पिकअप असेल तर घट साधारण 4 डेसिबल. टोन तसाच राहतो.

आता हेडकडे. स्वस्त आणि खिशात मावतील अशा आकाराच्या हेडमध्ये वॉरविकचा नोम, ट्रेस इलियटचा एल्फ, गॅलियन क्रूगरचा एमबी 200, टीसी इलेक्ट्रॉनिकचा बॅम 200 ही नावं ऐकू येतात. चारही 4 ओहमवर 200 वॅट देणारी, किलोभराच्या आसपास किंवा त्याहून हलकी, सगळी क्लास डी (हलक्या, कमी तापणाऱ्या जातीची). ही सगळी मुळात इलेक्ट्रिक बेससाठी घडवलेली आहेत हे धरूनच निवड करायची. डबल बेसवाल्याला लागणाऱ्या तीन गोष्टी, म्हणजे 10 मेगओहमचा इनपुट, हाय-पास फिल्टर (अगदी खालचे स्वर अडवणारा) आणि फेज (लहरीची दिशा) उलटा करायचं बटण, एकाच स्वस्त हेडमध्ये एकत्र मिळणं अवघड. त्या तिन्ही असलेलं महाग हेड घ्यायचं, की साधं हेड घेऊन त्याच्या पुढे प्रीअ‍ॅम्प (हेडला जाण्याआधी सिग्नल घडवणारी डबी) लावायचा? आमचं मत दुसऱ्या बाजूने आहे, कारण प्रीअ‍ॅम्प कुठल्याही हेडबरोबर चालतो. हेड जळलं, विकलं किंवा कुणाचं उसनं घेतलं तरी आपला टोन आपल्याकडे राहतो. एलआर बॅग्सचा पॅरा डीआय आणि फिशमनचा प्लॅटिनम प्रो ईक्यू या दोन्हींत 10 मेगओहमचा इनपुट, फेजचं बटण आणि नॉच फिल्टर (घुमणारा एकच स्वर कापणारा) आहे. मंडपातल्या साउंडवाल्याला थेट एक्सएलआर लाइनही त्यातूनच देता येते.

वॅटचं काय? वॅट दुप्पट केले की फक्त 3 डेसिबल वाढतात, कानाला "थोडं जास्त" एवढंच. 94 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (तेवढ्याच वॅटमध्ये किती जोरात वाजते त्या मापाच्या) कॅबऐवजी, म्हणजे स्पीकरच्या पेटीऐवजी, 97 ची घेतली तर तेवढाच फायदा 200 वॅटमध्येच मिळतो. 4 ओहमचा आकडा वाचताना आणखी एक बघायचं: आपली कॅब 8 ओहमची असेल तर 200 वॅटचं हेड तिथे 100 ते 130 वॅटच देतं. 8 ओहमच्या दोन कॅब समांतर जोडल्या की 4 ओहम होतात. तिसरी जोडलीत तर 2.7 ओहम, आणि बहुतेक छोटी हेड तिथे संरक्षणासाठी बंद पडतात. घरचं फेस्त, हॉटेलच्या आवारातलं त्रिकूट, चर्चच्या अंगणातली छोटी मैफल, नाटकाचा पिट इथे 12 इंची एक कॅब आणि 200 वॅट पुरतात. तसंही उघड्यावर ध्वनिवर्धक रात्री 10 नंतर बंद ठेवायचे असतात, आणि मोठ्या मंडपात आवाज बाहेर न्यायचं काम पीएचं (कार्यक्रमाच्या मुख्य ध्वनियंत्रणेचं) असतं.

आवाज कमी पडतो असं वाटतं तेव्हा दोष बहुधा वॅटचा नसतो. छोट्या स्पीकरला आपण नको तेवढं खाली खेचत असतो. तेवढ्याच जोराचा स्वर एक सप्तक खाली वाजवायला पडद्याला चौपट पुढे-मागे व्हावं लागतं. 41 हर्ट्झच्याही खाली जे काही येतं, म्हणजे वाद्य हलवल्याचा धक्का, फळीवरची पावलं, तारेवर बोट आपटल्याचा धप्प आवाज, ते ऐकू येत नाही, पण वॅट आणि पडद्याची हालचाल दोन्ही खातं. म्हणून हाय-पास फिल्टर. 45 ते 60 हर्ट्झच्या आसपास लावला तरी ई तार बारीक वाटत नाही, कारण त्या तारेचा भरीवपणा आपण मुख्यतः 82 आणि 123 हर्ट्झच्या उपस्वरांतून ऐकतो. 200 वॅटच्या हेडपुढे हाय-पास लावा आणि मग बघा, "आवाज पुरत नाही" ही तक्रार किती उरते.

फीडबॅकवर फेज बटण सगळ्यांत आधी दाबून बघायचं. डबल बेसची पोकळी 60 ते 70 हर्ट्झच्या आसपास आणि वरची फळी 100 हर्ट्झच्या आसपास सहज हलते. स्पीकरचा धक्का फळीच्या हालचालीला साथ देणारा असला की घूं-घूं सुरू. फेज उलटा केला की तोच धक्का तिच्या विरुद्ध जातो. एकच फेज कायम बरोबर असं नसतं. अ‍ॅम्प एक मीटर सरकवला की उत्तर बदलतं. त्यानंतर नॉच, आणि शेवटी बेसची नॉब डावीकडे.

सोल्डरिंग येत असेल तर प्रीअ‍ॅम्पऐवजी एक बफर (पिझोला मोठा इनपुट देणारं छोटं सर्किट) घरीच बनवता येतो. लागतं ते असं: टीएल072 आयसी, 9 व्होल्टची बॅटरी, 10 मेगओहमचा एक रेझिस्टर, 100 किलोओहमचे पाच, 1 किलोओहमचे दोन, 22 नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर, 47 मायक्रोफॅरडचा एक, आउटपुटचा एक (किती, ते पुढे), दोन-मार्गी स्विच, दोन जॅक आणि धातूची डबी. दोन 100 किलोओहमने बॅटरीचा मधला बिंदू काढा, 4.5 व्होल्टचा, आणि तो 47 मायक्रोफॅरडने स्थिर करा. पिकअप 1 किलोओहम आणि 22 नॅनोफॅरडमधून पिन 3 ला. पिन 3 वरून मधल्या बिंदूला 10 मेगओहम. पिन 1 आणि 2 जोडून टाका, की पहिला अर्धा भाग बफर झाला. दुसऱ्या अर्ध्यात पिन 5 मधल्या बिंदूला, पिन 1 ते 6 एक 100 किलोओहम, पिन 6 ते 7 दुसरा. हा भाग फेज उलटा करतो. पिन 8 ला बॅटरीचा धन, 4 ला ग्राउंड. स्विचने पिन 1 किंवा 7 निवडा आणि पुढे कपॅसिटर व 1 किलोओहममधून आउटपुटला द्या. उरलेला 100 किलोओहम आउटपुटवरून ग्राउंडला.

आउटपुटचा कपॅसिटर 4.7 मायक्रोफॅरडचा घेतला तर सगळं जसंच्या तसं पुढे जातं. त्याच्या जागी 33 नॅनोफॅरड घातला, तर 1 मेगओहमच्या अ‍ॅम्पबरोबर 53 हर्ट्झच्या आसपास सौम्य हाय-पास फुकटात मिळतो. इनपुटला स्टीरिओ जॅक लावून बॅटरीचा ऋण फक्त त्याच्या रिंगला द्या. केबल काढली की बॅटरी तुटते. चांगली अल्कलाइन बॅटरी दीडशे तासांच्या पुढे जाते.

बहुतेकांचं फसतं ते जोडणीत नाही, गोव्याच्या हवेत. 10 मेगओहमच्या टोकाशी सोल्डरचा फ्लक्स राहिला आणि आषाढात त्याने ओल धरली, की त्या ओलीतूनच वीज झिरपते आणि 10 मेगओहमचा इनपुट प्रत्यक्षात 1 चा होऊन बसतो. उन्हाळ्यात भरदार वाजणारा बफर पावसाळ्यात पातळ वाजायला लागला तर आयसीला दोष देऊ नका. आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासा, हेअर ड्रायरने हळू वाळवा, आणि पिन 3 च्या आसपास सर्किट बोर्डचा लॅकर द्या.

हेड विकत घेताना मागची पट्टी वाचा. परदेशातून कुणी आणून दिलेलं हेड फक्त 115 व्होल्टचं असेल तर आपल्या 230 ला लावताच धूर. काहींना मागे व्होल्टेजचा स्विच असतो, काही 100 ते 240 आपोआप घेतात. युरोपी दोन-पिनी प्लग आपल्या सॉकेटमध्ये जातो खरा, पण त्याचं अर्थिंग कुठेच जुळत नाही, आणि तारेवरून हात उचलला की गुणगुण चालू होते. हेडला सहसा संगणकाला लागते तीच केबल लागते, तेव्हा आपल्या तीन-पिनी प्लगची चांगली केबल घेऊन टाका. जत्रेत किंवा मंडपात जनरेटरवर वाजवायचं असेल तर वाद्य जोडण्याआधी सॉकेट टेस्टरने अर्थिंग बघा. गुणगुण जावी म्हणून अर्थची पिन तोडण्याचा उद्योग कुणी करू नये. ग्राउंड लिफ्टचं बटण डीआयवर (मिक्सरला लाइन देणाऱ्या डबीवर) त्यासाठीच असतं.

स्पीकरला जायची केबल स्पीकरचीच हवी. वाद्याची केबल दिसायला तशीच, पण आत बारीक तार, ती तापते. क्लास डी हेडचे स्पीकरचे दोन्ही टोक अनेकदा चालू असतात, त्यातलं एकही ग्राउंड नसतं. म्हणून स्पीकर आउटमधून मिक्सरला लाइन काढायचा प्रयत्न करू नका, हेड जातं.

सुरुवातीला सगळ्या नॉब मधे, बेस थोडी खाली, मिड थोडी वर, हाय-पास 50 वर. सगळ्यांत जोरात पिझिकाटो (तार बोटाने छेडून) वाजवून क्लिपचा (सिग्नल फाटू लागल्याचा) दिवा जेमतेम लुकलुकेल इतका गेन. गजाने वाजवताना पिझो 2 ते 4 किलोहर्ट्झमध्ये करकरतो, तिथे ट्रेबल सढळ हाताने कमी करा. कॅब मागे नको, बाजूला, खुर्चीवर, कानाच्या दिशेने. प्लायवूडचं पोकळ स्टेज किंवा जुन्या घरातली लाकडी माडी असेल तर वाद्य ज्यावर उभं राहतं त्या खुंट्याखाली (एंडपिनखाली) जाड रबराचा तुकडा आणि कॅबखाली फोम ठेवा, निम्मी घुमघुम तिथेच थांबते.

छोट्या हेडचा पंखा खारी हवाही आत ओढतो. समुद्रकाठी वाजवून आलं की हेड तसंच बॅगेत बंद करू नका. तासभर घरात उघडं राहू द्या, मग सिलिका जेलच्या पुड्या टाकून डब्यात. पावसाळ्यात हेड वापरात नसलं तरी पंधरवड्यातून एकदा अर्धा तास चालू ठेवावं, प्रत्येक नॉब दहा-वीस वेळा इकडून तिकडे फिरवावी आणि जॅक चारदा आत-बाहेर करावा. खरखर तरीही राहिली तर कॉन्टॅक्ट क्लीनर, आणि तोही थेंबभरच.