कोणती माशी घरात, कोणती रानात?

वेंगुर्ल्याकडच्या आमच्या बागेत पाहुण्यांसमोर मधपेटी उघडली की एक प्रश्न ठरलेला: "सगळ्या कामकरी माश्या एकाच राणीच्या लेकी. मग काही घरात पिल्लं भरवतात, काही रानात जातात, हे ठरवतं कोण?"

राणी तर नक्कीच नाही. कामकरी माशी आधी घरकाम करते आणि साधारण तीन आठवड्यांनी मकरंद-परागासाठी बाहेर पडते. पण रानात जाणाऱ्या माश्या कमी पडल्या तर कोवळ्या माश्या लवकर निघतात, आणि दाया कमी झाल्या तर बाहेरच्या काही परत पिल्लांकडे वळतात. जीन्स जन्मभर तीच. बदलतं ते कुठलं जीन कधी वापरायचं हे, आणि त्यात नॉन-कोडिंग आरएनएचाही हात असतो. आरएनए म्हणजे जीनवरून उतरवलेली नक्कल; जिच्यापासून प्रथिन बनत नाही ती नॉन-कोडिंग. त्यातले मायक्रोआरएनए जेमतेम बावीसेक अक्षरांचे. दुसऱ्या आरएनएला चिकटून त्याचं प्रथिन होणं रोखतात. पहिला सापडला १९९३ साली एका सूत्रकृमीत. त्या शोधासाठी अँब्रोस आणि रुव्हकुन या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०२४चं नोबेल मिळालं.

आरएनए वागणं कसं बदलतो हे टोळांमध्ये स्पष्ट दिसतं. २०२० साली विदर्भात उतरलेली धाड आपण टीव्हीवर पाहिली. एकटा राहणारा टोळ गर्दीत सापडला की झुंडीचा होतो. दुसऱ्या एका जातीच्या टोळांवर काम करणाऱ्या चिनी शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवलं की मायक्रोआरएनए-१३३ वाढवला की मेंदूतलं डोपामिन हे रसायन घटतं आणि झुंडीतला टोळ एकलकोंड्यासारखा वागू लागतो.

मधमाशीत मला उलटी बाजू जास्त मोलाची वाटते. जपानी संशोधकांना २००७ साली 'काकुसेई' नावाचा नॉन-कोडिंग आरएनए सापडला. तो माशीच्या मेंदूतल्या पेशींच्या केंद्रकातच राहतो आणि माशी रानात फिरून आली की ठरावीक पेशींमध्ये वाढलेला दिसतो. म्हणजे इथे आधी काम, मग आरएनए. पुढे आपल्या सातेरी मधमाशीच्याच जातीच्या जपानी माश्यांमध्ये काकुसेईचा भाऊबंद असलेला आरएनए खूण म्हणून वापरून गांधीलमाशीवरचा हल्ला तपासला. तो हल्ला आमच्याकडेही पाहायला मिळतो: गांधीलमाशी दाराशी घिरट्या घालते, सातेरी तिच्यावर तुटून पडतात, घट्ट गोळा करून अंग थरथरवतात. जपानी माश्यांच्या गोळ्यात तापमान ४६ अंशांच्या आसपास जातं आणि शत्रू आतल्या आत मरतो. अशा गोळ्यातल्या माश्यांच्या मेंदूत तो आरएनए उमटलेला सापडला.

म्हणून "हे सगळं जीनमध्येच लिहिलेलं असतं" हे उत्तर मी पाहुण्यांना देत नाही. पोळ्याची गरज मेंदूत पोचते, आरएनए बदलतो आणि त्यातून पुन्हा वागणं बदलत असावं. सुरंगी फुलायच्या आधी पेटीची वाटणी करताना हे डोळ्यांसमोर घडतं. नवी पेटी थोड्या अंतरावर ठेवली की रानातल्या माश्या सवयीनं जुन्या जागी परततात, नव्या पेटीत कोवळ्याच उरतात. काही दिवस दार सुनं असतं. मग त्यांतल्याच काही, वय झालेलं नसतानाही, पायांना परागाचे गोळे लावून परतताना दिसतात.