सगळ्यांना सारखेच पैसे वाटले तर

गेले काही दिवस एका छोट्याशा कोडने माझी झोप उडवलीये. 1000 माणसं, प्रत्येकाकडे 100 नाणी. दर वेळी कुठलेही दोघं रँडम निवडायचे, पहिल्याने दुसऱ्याला एक नाणं द्यायचं, त्याचा खिसाच रिकामा असेल तर ती खेप सोडून द्यायची, बस्स. कोणी हुशार नाही, कोणी कोणाला लुबाडत नाही. मला वाटलेलं थोडं वरखाली होऊन सगळे शंभराच्या आसपासच राहतील, पण काही कोटी व्यवहारांनंतर ग्राफ बघितला तर साधारण 630 लोक सरासरीच्या खाली, आणि वरच्या 100 जणांकडे एकूण पैशातला तिसरा हिस्सा!

हा ग्राफ म्हणजे भौतिकशास्त्रातलं बोल्ट्झमनचं वितरण, बहुतेकांकडे थोडं आणि मोजक्यांकडे खूप. वायूचे रेणू एकमेकांवर आपटून ऊर्जा देतात-घेतात, एकूण ऊर्जा तेवढीच राहते, इथे ऊर्जेच्या जागी पैसा. ड्रागुलेस्कु आणि याकोवेन्को या भौतिकशास्त्रज्ञांनी 2000 साली हेच मांडलं होतं. कारण विचाराल तर निव्वळ मोजणी आहे. सगळ्यांकडे बरोब्बर 100 असण्याचा एकच प्रकार, आणि कमीजास्त असण्याचे इतके की मोजता मोजता आयुष्य संपेल, त्यामुळे सिस्टीम आपोआप तिकडेच सरकते. माणसं मात्र एका जागी बसत नाहीत हां, आज वर असलेला उद्या खाली येतो, ग्राफचा आकार तेवढा तसाच राहतो.

त्याच वर्षी अनिर्बन चक्रवर्ती आणि बिकास चक्रबर्ती या भौतिकशास्त्रज्ञांनी त्यात बचत घातली, म्हणजे प्रत्येकाने आपला ठरावीक वाटा बाजूला ठेवून उरलेल्याचाच व्यवहार करायचा. मग कंगालांची गर्दी ओसरते आणि मधला वर्ग दिसायला लागतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

माणसं म्हणजे रेणू नाहीत हे मान्यच, ती शिकतात, घाबरतात, वस्तू बनवतात, खऱ्या जगात एकूण पैसाही स्थिर नसतो. पण नुसत्या योगायोगाने किती विषमता तयार होते हे एकदा कळलं की उरलेल्या विषमतेचं कारण तरी नीट शोधता येतं.

काल प्रत्येकाला 100 नाण्यांपर्यंत कर्ज काढायची मुभा दिली. बाकी नियम तेच. जवळपास 390 लोक मायनसमध्ये गेले आणि वरच्या 100 जणांचा वाटा 33 टक्क्यांवरून 56 वर गेला.