कापलेली थ्री नॉट थ्री

कॅनडातल्या कॅल्गरीच्या दक्षिणेला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या तळघरात, रंगाच्या डब्यांमागे ती थ्री नॉट थ्री रायफल उभी होती. नळीखालचं लाकूड कुणीतरी पन्नास-साठ वर्षांपूर्वी करवतीनं अर्ध्यात उडवलेलं, नळीवरचं लाकडी झाकण, म्हणजे हँडगार्ड, गायब, संगीन अडकवायचा नोजकॅपही गायब. महायुद्धानंतर सैन्याच्या जुन्या रायफली इथे ढिगानं आणि स्वस्तात विकायला आल्या, तेव्हा वजन कमी करायला लोक सर्रास असं करायचे. मी ती आडवी धरून बटाजवळची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या लाकडाजवळची, लोखंडी पट्टी अंगठ्यानं पुसली. मुकुट, जी.आर.आय. ही राजा-सम्राट जॉर्जची अक्षरं, ईशापूर, १९४२. कोलकात्याजवळच्या कारखान्यातली बाई अल्बर्टाच्या तळघरात कशी पोचली, ते म्हाताऱ्यालाही माहीत नव्हतं. अडीचशे डॉलर म्हणाला, मी घासाघीस केली नाही.

बंदुकीचं लायसन्स आधीच होतं. त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही: सुरक्षा कोर्स, परीक्षा, दोन ओळखीची माणसं, बायकोची सही आणि पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यासाठी किमान २८ दिवसांची वाट. सगळ्यात जास्त वेळ बायकोच्या सहीला लागला.

रात्री बाबांना व्हिडिओ कॉल केला. बाबा दौंडला एसआरपीत होते, त्यांची निम्मी नोकरी थ्री नॉट थ्री खांद्यावर घेऊन झाली. बोल्ट (काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा दांडा) काढून ठेवलेली रायफल कॅमेऱ्यासमोर धरली. बराच वेळ बघून म्हणाले, "अरे, तोंड कुणी कापलं तिचं?"

माझा बेत साधा होता. धड रायफल मिळाली असती तर तिला मी करवत लावलीच नसती. आता धड राहिलेल्याच कमी. पण हिचं नुकसान होऊन गेलेलं, तेव्हा हरणाच्या शिकारीला नीट वापरता येईल इतकी तरी करू. रेंजवरचा एक जण म्हणाला, नळी पण छाट, हातात सुटसुटीत येईल. २५ इंची नळी चांगली चालत असताना कापायची कशाला? शिवाय कापून ती ४५७ मिलीमीटरच्या खाली गेली की इथल्या कायद्यानं रायफल थेट बंदी असलेल्या वर्गात जाते.

बोल्टवरचा नंबर बॉडीच्या नंबराशी जुळत नव्हता, म्हणून पहिल्यांदा गनस्मिथकडे नेऊन हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा, गेजनं तपासून घेतलं. बोल्ट बदललेला असेल तर हे करून घेतल्याशिवाय एकही काडतूस उडवू नये. हेडस्पेस ठीक निघालं. त्या आनंदात पुढची चूक केली.

बट जरा हलत होता. म्हटलं, मागून स्क्रू आवळू. बटाच्या पितळी झाकणातून तेलाची कोरडी बाटली निघाली, तिच्यामागे चामड्याचा बोळा, आणि खोल आत स्क्रूचं डोकं. लांब पेचकस घातला, पाव फेरा दिला आणि पुढून 'कट्' असा आवाज आला. या मॉडेलमध्ये त्या लांब स्क्रूचं पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या एका पट्टीत बसतं. पुढचं लाकूड आधी उतरवायचं, मग स्क्रूला हात लावायचा. मी उलटं केलं आणि लाकूड मागून चिरलं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बटाच्या स्क्रूला हत्यारं दुरुस्त करणाऱ्या आर्मोररशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं." हे त्यांनी आधी का नाही सांगितलं, ते विचारायची सोय नव्हती.

चिरेच्या निमित्तानं लाकूड उतरवलं ते बरं झालं. धक्का झेलणारे मागचे दोन लाकडी खांदे तेल पिऊन मऊ पडले होते, म्हणजे आज ना उद्या ते फुटणारच होतं. तेल काढायला ॲसिटोनचे चार हात दिले. चिरेत दोऱ्यानं इपॉक्सी ओढून घेतलं आणि सायकलच्या जुन्या ट्यूबनं करकचून बांधलं. खांदेही इपॉक्सीनं भरले. लोखंड चिकटू नये म्हणून त्याला बूट पॉलिशचा जाड थर. चापाच्या कडीपुढच्या स्क्रूभोवती करंगळीच्या पेराएवढी एक नळकांडी असते. ती हरवली तर स्क्रू लाकूड दाबत बसतो. माझी टेबलाखाली गेली होती, दोन तास शोधली.

वरून जवसाचं तेल, तळहातानं चोळून, पंधरा दिवस रोज एक पातळ हात. बायको म्हणाली, एवढ्यात वर्षभराची चटणी झाली असती. तेलाच्या चिंध्या मात्र बोळा करून टाकू नका, त्या आपोआप पेटतात. मी त्या बाहेर पसरून वाळवायचो.

नजर चाळिशीच्या पुढची, त्यामुळे नेम धरायची मागची साइट धूसर दिसायची. तिचं पान काढून त्या जागी, भोक न पाडता बसणारा माउंट आणि डोळ्यापासून लांब ठेवून वापरायची छोटी दुर्बीण लावली. १०० मीटरवर पहिल्या पाच गोळ्या बशीभर पसरल्या, आणि नळी तापेल तशा वर चढत गेल्या. नळी आणि लाकडामधून कागदाची पट्टी सरकवून पाहिली तर कापलेल्या टोकाशी अडली. तिथे सँडपेपर मारला. पुढच्या वेळी पाच गोळ्या चहाच्या कपाच्या तोंडात मावल्या. माझ्यासाठी तेवढं पुरे.

नोव्हेंबरात उणे २४ मध्ये दोन तास बसल्यावर हरीण समोर आलं. चाप ओढला. 'टिच्'. काडतूस उशिरा पेटू शकतं म्हणून नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबलो, मग बाहेर काढलं तर त्याच्या बुडाच्या टोपीवर नुसता पुसटसा खड्डा. बोल्टमधलं तेल थंडीनं घट्ट झालं होतं, टोपीवर आदळणारी पिन जोरात बसलीच नाही. हरीण तोवर कुंपणापलीकडे. घरी येऊन बोल्ट सगळा खोलला, तेल धुऊन काढलं आणि तो कोरडाच जोडला.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "दौंडला आम्हाला ही अडचण कधी आली नाही."